अश्वहृदय

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझे वडील दोंडाईचा स्टेशनवर टांगा हाकत. सुरतेकडून किंवा भुसावळकडून गाडी आली की स्टेशनबाहेर पाच-सात टांगे ओळीने उभे असत, आणि मिरचीच्या हंगामात तर व्यापाऱ्यांमुळे टांगेवाल्यांना चहा प्यायलाही सवड मिळत नसे. आमच्या टांग्याला मोती नावाची कुमाईत घोडी होती. कपाळावर पांढरा टिळा, मागचा एक पाय पांढरा. पारखी माणसाने तिला फारसे नावाजले नसते. चार पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा ज्याला हवा, त्याने तिच्याकडे वळूनही पाहिले नसते.

मी लहानपणी बोलताना अडखळत असे. 'म' आणि 'क' ही दोन अक्षरे माझ्या जिभेला गाठ मारीत. वर्गात एकेकाने उभे राहून धडा वाचायचा असा शिरस्ता होता. माझी पाळी जवळ येऊ लागली की माझ्या तळहातांना घाम सुटे. गुरुजी वाईट नव्हते, पण वाक्य पुरे झाल्याशिवाय खाली बसायचे नाही, हा त्यांचा नियम होता. एकदा मी एका वाक्यासाठी तास संपेपर्यंत उभा होतो. वर्ग आधी हसला, मग कंटाळला. कंटाळणे हसण्यापेक्षा वाईट असते, हे तेव्हा कळले.

संध्याकाळी मोतीला खरारा करणे आणि तिच्या तोंडाला चंदीचा तोबरा बांधणे हे काम माझ्याकडे होते. अशाच एका संध्याकाळी खरारा करता करता मी दुसऱ्या दिवशीचा धडा मोठ्याने म्हणू लागलो. अर्धे पान झाल्यावर लक्षात आले की आपण कुठेच अडलो नाही. मोतीचा एक कान माझ्याकडे वळलेला होता, दुसरा रस्त्याकडे. मी थांबलो तेव्हा तिने मान वळवून पाहिले. मी पुन्हा सुरू केले.

अब्बांनी हे बाहेरून ऐकले असावे. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी म्हणू लागले, "मोतीले धडा वाची दाखाड." मी एकदा विचारले, तिला काय समजते? अब्बांना स्वतःला वाचता येत नव्हते. ते म्हणाले, "तिले समदं समजस. तू वाच."

आज वाणीदोषांवर काम करणारे सांगतात की, अडखळणारी बहुतेक माणसे एकटी असताना, गाताना किंवा जनावराशी बोलताना अडखळत नाहीत. म्हणजे मोतीने चमत्कार केला नव्हता. पण ज्या मुलाला आपले तोंड सलग बोलू शकते हे कधी कळलेच नव्हते, त्याला ते तिच्यासमोर कळले. पुढे मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो, मुशायऱ्यांत आणि कविसंमेलनांत वाचू लागलो आणि आज या ध्वनिक्षेपकासमोर बसलो आहे. 'म' अजूनही कधी कधी दगा देतो.

घोड्याच्या सहवासातून शिकणे आणि बरे होणे यावर आता जगभर काम चालते. त्यासाठी केंद्रे आहेत, प्रशिक्षक आहेत, परीक्षा आहेत. त्याबद्दल वाचू लागलो तेव्हा मला सारखे वाटे की ही गोष्ट आपल्याकडे कुठेतरी आधीच सांगून झाली आहे. ती सापडली नळाच्या आख्यानात.

नळ-दमयंती म्हटले की आपल्याला हंस आठवतो, कारण शाळेच्या पुस्तकात हंसच असतो. घोड्यांचा भाग पुढे आहे आणि तो फारसा कोणी वाचत नाही. द्यूतात राज्य गेलेला, दमयंतीला अरण्यात सोडून आलेला, कर्कोटक नागाच्या दंशाने कुरूप झालेला नळ 'बाहुक' हे नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे घोडे सांभाळण्याची चाकरी करतो. त्याच्याकडे राज्य नाही, बायको-मुले नाहीत, स्वतःचा चेहराही नाही. उरली आहे फक्त एक विद्या, अश्वहृदय. घोड्याचे मन जाणण्याची विद्या.

दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची खबर येते. एका दिवसात विदर्भातले कुंडिनपूर गाठायचे असते. बाहुक पागेतून रथासाठी घोडे निवडतो, ते दिसायला किडकिडीत. राजा चिडतो, ही कसली जनावरे काढलीस म्हणतो. बाहुक आपली निवड बदलत नाही. पुढे रथ असा धावतो की राजाचे उत्तरीय वाऱ्याने उडते आणि ते उचलायला थांबा म्हणेपर्यंत ते एक योजन मागे पडलेले असते. वाटेत राजा त्याला फाशांची विद्या देतो आणि बदल्यात अश्वहृदय मागतो. मला त्यातली पुढची एक छोटी गोष्ट फार आवडते. रथ कुंडिनपुरात शिरतो तेव्हा दमयंती त्याचा आवाज ऐकून चमकते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण तिथल्या पागेत नळाचे जुने घोडेही होते, संकट आले तेव्हा मुलांबरोबर माहेरी पाठवलेले. तो घरघराट ऐकून तेही आनंदले, असे व्यासांनी नोंदवले आहे. चेहरा हरवलेल्या माणसाला सगळ्या नगरात कोणी ओळखत नाही, आणि तबेल्यात कान टवकारले जातात. हे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातले वर्धेकाठचे कौंडिण्यपूर, असे आपल्याकडे मानतात. म्हणजे गोष्ट आपल्याच मुलखातली.

नळाची विद्या कथेतली झाली. प्रत्यक्षातली विद्या शालिहोत्र ऋषींच्या नावावर जमा आहे. अश्ववैद्यकाला आपल्याकडे शालिहोत्र म्हणतात आणि नकुलाच्या नावावरही अश्वचिकित्सेचा एक ग्रंथ सांगितला जातो. या शालिहोत्रावरून घोड्यांच्या वैद्याला 'सलोत्री' हा शब्द आला. संस्कृत ऋषीचे नाव उर्दूत गेले, फौजेत फिरले आणि तिथून तबेल्यातल्या माणसांच्या तोंडी बसले. माझी दादी गुरांच्या डॉक्टरलाही शेवटपर्यंत सलोत्रीच म्हणे. तिला तो शब्द फारसी वाटत असे. मी तिला शालिहोत्र सांगितला तेव्हा ती म्हणाली, असेल बाबा, घोड्याला काय, दोन्ही सारखेच.

फारसीत आणि उर्दूत घोड्यांवरच्या पुस्तकांना 'फरसनामा' म्हणतात. सआदत यार खाँ 'रंगीन' हा उर्दूतला नावाजलेला, थोडा बदनामही शायर. १८३५ मध्ये तो वारला. बायकांच्या बोलीत लिहिलेल्या 'रेख्ती' कवितेसाठी त्याचे नाव घेतात. पण त्याने एक फरसनामाही लिहिला आहे, घोड्याची पारख, खोडी आणि दुखणी यांवरचा, आणि १९११ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. शायराने घोड्याच्या दुखण्यांवर पुस्तक लिहावे, याचे मला कोण अप्रूप वाटले! शायरांना आम्ही उगीचच चंद्रावर बसवून ठेवतो.

मराठ्यांच्या इतिहासात तर घोडा पानोपानी आहे, पण तो धावताना दिसतो. उभा असलेला घोडा पाहायचा तर सभासदाची बखर वाचावी. शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था सांगताना सभासद लिहितो की, पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. बारगीर म्हणजे ज्याचा घोडा सरकारी, शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा. पावसाळ्यात लष्कर छावणीला परत येई, घोड्यांना दाणा-वैरण आणि औषधे तयार असत आणि दसऱ्याला पुन्हा कूच होई. माझे आजोबा नालबंद होते. त्यांनी एकही लढाई पाहिली नाही, फक्त टांग्यांचे, तट्टांचे आणि वरातीच्या घोड्यांचे नाल ठोकले. पण बखरीत तो एक शब्द वाचला तेव्हा आमच्या घराण्याचा उल्लेख सापडल्यासारखे वाटले. पराक्रमाच्या याद्यांत पखालजी आणि नालबंद यांना जागा देणारा सभासद म्हणूनच मला मोठा लेखक वाटतो.

आता थोडे दूर, जर्मनीत जाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे एक निवृत्त गणित शिक्षक होते. त्यांनी हान्स नावाच्या आपल्या घोड्याला गणित शिकवले होते. सात अधिक पाच किती, असे विचारले की हान्स खुराने बारा ठोके देई आणि थांबे. १९०४ मध्ये त्याची तपासणी करायला समिती बसली आणि तिला लबाडी सापडली नाही. मग ओस्कार फुंगस्ट या मानसशास्त्रज्ञाने चिकाटीने प्रयोग केले आणि १९०७ मध्ये निष्कर्ष छापला. ज्याला उत्तर ठाऊक नाही अशा माणसाने प्रश्न विचारला की हान्स चुके. प्रश्न विचारणारा दिसेनासा केला तरी चुके. हान्सला बेरीज येत नव्हती. त्याला माणूस वाचता येत होता. ठोके बरोबर आकड्यावर पोचले की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हले, अंगातला ताण सुटे, आणि तेवढ्यावर हान्स थांबे.

या गोष्टीचा उल्लेख नेहमी फजितीची गोष्ट म्हणून होतो. बिचारे ओस्टेन, म्हातारपणी जगाने त्यांना हसण्यावारी नेले. मला मात्र वाटते, त्यांच्या हाती बेरजेपेक्षा मोठी गोष्ट लागली होती. घोडा हे शिकार होणारे जनावर. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, थेट नाकासमोरची आणि पाठीमागची जागा सोडली तर त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. दोन कान दोन दिशांना फिरतात. लक्षावधी वर्षे त्याचा जीव एकाच गोष्टीवर टिकला, समोरच्या प्राण्याच्या मनात काय आहे हे त्याने हालचाल करण्याआधी ओळखणे. २०१६ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांना माणसांचे हसरे आणि रागावलेले चेहरे छायाचित्रांत दाखवले. रागावलेल्या चेहऱ्याकडे घोडे डाव्या डोळ्याने पाहत आणि त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढत. अब्बा म्हणायचे तेच झाले, समदं समजस. फक्त धडा नव्हे, धडा वाचणारा.

उपचाराचा इतिहास सांगताना एका बाईचे नाव घ्यावेच लागते. लिस हार्टेल, डेन्मार्कच्या घोडेस्वार. १९४४ मध्ये त्यांना पोलिओ झाला, तोही दिवस गेलेले असताना. मूल सुखरूप जन्मले, पण त्यांचे पाय गुडघ्याखाली निकामी झाले. डॉक्टरांना वाटले की कुबड्यांवर चालता आले तरी पुष्कळ. त्या पुन्हा घोड्यावर बसल्या. बसल्या म्हणजे त्यांना उचलून बसवावे लागे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 'ड्रेसाज' या प्रकारात स्त्रियांना पुरुषांबरोबर उतरण्याची मुभा पहिल्यांदाच मिळाली होती. या प्रकारात घोड्याला शब्दाविना, पायांच्या आणि बैठकीच्या सूक्ष्म इशाऱ्यांवर चालवायचे असते. ज्या पायांनी इशारा द्यायचा ते पायच नसलेल्या या बाईंनी ज्युबिली नावाच्या घोडीवर रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक विजेते स्वीडनचे आँरी सँ सिर यांनी त्यांना हात देऊन विजेत्यांच्या चौथऱ्यावर चढवले. १९५६ मध्ये त्यांनी पुन्हा रौप्य मिळवले. ज्युबिली आपल्या मालकिणीच्या पायांऐवजी तिच्या पाठीच्या आणि वजनाच्या हालचाली वाचायला शिकली होती. शिकवणारे कोण आणि शिकणारे कोण, हे इथे ठरवता येत नाही.

या घटनेनंतर युरोपात डोळे उघडले. १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत अपंगांच्या घोडेस्वारीसाठी संस्था उभ्या राहिल्या. पुढे वैद्यकातल्या लोकांनी कारण शोधले. घोडा सावकाश चालतो तेव्हा त्याच्या पाठीवरच्या माणसाचे कंबरेचे हाड पुढे-मागे, वर-खाली आणि दोन्ही बाजूंना हलते, आणि ही हालचाल माणूस स्वतः चालताना होते तिच्याशी फार मिळतीजुळती असते. जे मूल कधी चाललेलेच नाही त्याच्या कमरेला चालणे म्हणजे काय, हे घोडा सांगतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या तोल सांभाळण्यावर याचा उपयोग होतो असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. स्वमग्न मुलांबाबत २०१५ मध्ये अमेरिकेत शंभराहून अधिक मुलांवर केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. निम्मी मुले दहा आठवडे घोड्यावर बसली. उरलेल्यांना त्याच आवारात तेच धडे मिळाले, पण खऱ्या घोड्याशिवाय. घोड्यावर बसलेली मुले कमी चिडचिडी झाली आणि जास्त शब्द बोलू लागली. जास्त शब्द! ते वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ मोतीच्या तबेल्यात जाऊन आलो. तबेला आता नाही, तिथे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे.

पण हेही सांगितले पाहिजे की हा काही अंगारा नव्हे. घोड्याला धरणारा एक आणि मुलाच्या दोन्ही बाजूंना एकेक, अशी तीन माणसे लागतात. डोक्याला शिरस्त्राण लागते. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे मणके सैल असतात, त्यांना तपासल्याशिवाय बसवणे धोक्याचे. आणि स्वतःचा पाय जागचा न हलवणाऱ्या माणसाला पाय देण्याचा दावा कोणी केला तर तो माणूस लबाड समजावा.

आता आमच्या मुलखाकडे येतो. दोंडाईचापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर तापीच्या काठी सारंगखेडा आहे. १९९८ पर्यंत ते आमच्याच धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबार जिल्ह्यात. तिथल्या एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला सुरू होते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार भरतो. बाजार तीनशे वर्षांचा आहे असे सांगतात. मोगलांच्या काळातला सुरत-बऱ्हाणपूर रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा तापीच्या खोऱ्यातूनच जाई, हे पाहिले तर या काठाला घोडा नवा नाही, एवढे नक्की. गेल्या काही वर्षांत 'चेतक फेस्टिव्हल' म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी येतात. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडतात, ती पाहायला मी दरवर्षी जातो. नुकऱ्याची किंमत वेगळी, अबलखाची वेगळी. देवमण आहे का, भोवरा कुठे आहे, रवाल चाल कशी आहे, यावर तासन्‌तास वाद चालतात. शहरातल्या मोटारींच्या दुकानात असे जिवंत वाद ऐकायला मिळत नाहीत.

माझी तक्रार एकच आहे. या बाजारात जे घोडे भाव खातात ते उसळणारे, फुरफुरणारे, बाजेवर चढून नाचणारे. ढोलाच्या आणि डीजेच्या भिंतीसमोर घोड्याला नाचवले की गर्दी जमते, पैसे उडतात. ज्या जनावराला पान पडल्याचा आवाज ऐकू येतो त्याच्यावर त्या आवाजाने काय गुदरत असेल, हे कोणी विचारत नाही. आणि उपचाराला लागतो तो घोडा नेमका उलटा. वयाने उतरलेला, हजार माणसांना पाहिलेला, अंगावर कोणी ओरडले तरी खुर न उचलणारा. म्हणजे टांग्याचा घोडा. आमच्याकडे अशी जनावरे गल्लोगल्ली होती तेव्हा या विद्येचे नाव आम्हाला माहीत नव्हते. आता नाव माहीत झाले तर रिक्षा आल्या, टांगे मोडले आणि त्या घोड्यांचे काय झाले हे न विचारलेले बरे. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. मोती १९८४ च्या उन्हाळ्यात गेली. अब्बांनी दुसरा घोडा घेतला नाही.

बंगळूर, चेन्नईसारख्या शहरांत असे उपचार मिळतात. खानदेशातल्या आईबापांनी मूल घेऊन तिथे दर आठवड्याला कसे जायचे? देशातला एवढा मोठा घोडेबाजार ज्यांच्या उंबऱ्याशी भरतो, त्यांनी?

माझ्या बहिणीची नात सहा वर्षांची आहे. जन्माच्या वेळी श्वास कोंडला, सेरेब्रल पाल्सी आहे. ती चालत नाही, बोलते थोडे, हसते मात्र पुष्कळ. मागच्या यात्रेला तिला आम्ही सारंगखेड्याला नेले. डॉक्टरांनी बजावले होते की प्रशिक्षित माणसाशिवाय घोड्यावर बसवायचे नाही, आणि ते खरेच होते. म्हणून भाच्याने तिला कडेवर घेऊन बाजार दाखवला. नाचणाऱ्या घोड्यांजवळ ती घाबरून रडली. आम्ही कडेच्या राहुट्यांकडे वळलो.

तिथे एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडे एक कुमाईत घोडी बांधलेली होती. तिच्याभोवती गिऱ्हाईक नव्हते. मी व्यापाऱ्याला विचारले, तो म्हणाला, हात लावू दे, काही करणार नाही. मुलीचा उजवा हात नेहमी मुठीत आवळलेला असतो. भाच्याने तो घोडीच्या मानेवर टेकवला. घोडीने एक कान वळवला, मान जरा खाली केली आणि तशीच उभी राहिली. आम्ही सगळे गप्प होतो. काही वेळाने मूठ थोडी सैल झाली आणि तिची दोन बोटे आयाळीत गेली. किती वेळ गेला सांगता येत नाही, मागे कुठेतरी डीजे चालूच होता.

व्यापाऱ्याने मला बाजूला घेतले आणि किंमत सांगितली. वय झालेय, टांग्याला चालली असती, आता टांगे कुठे, म्हणून कमी सांगतो, म्हणाला. मी तिचे दात पाहिले, आजोबा पाहत तसे खूर उचलून पाहिले. पुढच्या डाव्या पायाचा नाल झिजला होता. मी त्याला सांगितले की माझ्याकडे तबेला नाही, जागाही नाही. तो म्हणाला, दत्ताच्या यात्रेला अजून चार दिवस आहेत, विचार करा.

मी घरी येऊन बहिणीशी बोललो. मग शेजारच्या दोन घरांशी, ज्यांच्याकडे अशीच मुले आहेत. तिसऱ्या दिवशी पुन्हा सारंगखेड्याला गेलो तेव्हा त्या जागी फक्त खुंटा होता.